निवडून पाठवलेले

प्रिय धाकटे,

‘प्रिय’ लिहून बराच वेळ नुसतीच बसले होते. फोन केला असता तर दुसऱ्या वाक्याला आपण भांडलो असतो. मेसेज केला असता तर तो वाचून, उत्तर न देता, तू मला तसंच लटकत ठेवलं असतंस. म्हणून कागद घेतला. इथे निदान तुला मध्येच तोडता येणार नाही. आणि न वाचता फाडणाऱ्यांतली तू नाहीस. आधी वाचशील, मग फाडशील.

आधी इकडचं सांगते. स्टुडिओ चालू आहे. म्हणजे सकाळी मी जिना चढून कुलूप काढते, मागचा पडदा सरळ करते, दिवे लावते आणि संध्याकाळी हेच सगळं उलटं करते. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम तुझं होतं, आता ते मलाच करावं लागतं, आणि मला ते जमत नाही हे लोकांच्या फोटोत स्पष्ट दिसतं. सगळे दाढ दुखत असल्यासारखे हसतात. परवा खालचा चष्मेवाला स्वतःचा फोटो काढून घ्यायला वर आला. खुर्चीत बसल्या बसल्या विचारतो, “धाकट्या बाई सुट्टीवर का?” मी म्हटलं, हो. “लांबली सुट्टी,” म्हणाला. मी बटण दाबलं. त्या फोटोत त्याचा जबडा लोंबतोय. तोच त्याच्या हातात ठेवायची फार इच्छा झाली होती, पण शेजार आहे, ठेवला नाही.

टॅबलेट आता मी स्टँडला अडकवून ठेवते. दारापाशी उंच स्टूल घेऊन, पाठ भिंतीला लावून, टॅबलेट मांडीवर धरून बसणारं कुणी नाही. मला त्याची किती सवय झाली होती हे तू गेल्यावर कळलं. मी इकडे फोटो काढायचा, तो कसल्याही वायरीशिवाय तुझ्याकडे जायचा, दोन श्वासांत तिकडे उमटायचा, आणि मी कॅमेऱ्यावरून मान वर करायच्या आत तुझ्या भुवईनं सांगितलेलं असायचं: डोळे मिटलेत, कॉलर दुमडलीये, पुन्हा घे. गिऱ्हाइकाला टॅबलेट दिसायचा तो सगळ्यात शेवटी. तू चार-पाच चांगले निवडून, बाकीचे बोटानं बाजूला सारून मग त्यांच्यापुढे धरायचीस. दोन हनुवट्या दिसणारे, नाक फेंदारलेले, कंटाळलेले चेहरे किती सफाईनं गायब व्हायचे! माणसं खूश होऊन जिना उतरायची. तेव्हा निवडण्यात तुला काही खोटेपणा दिसला नव्हता. तो दिसायला आईच खुर्चीत बसावी लागली.

आणि आईइतकी या कामातली जाणती दुसरी कोण होती, सांग. बाबा फोटो काढायचे, पण ते घरी न्यावेसे वाटायचे ते आईमुळे. तो उतरता लाकडी डबा आठवतो का तुला, खालून दिवा लागणारा? त्यावर निगेटिव्ह ठेवून, पेन्सिलीचं टोक सुईसारखं करून ती तासन्‌तास बसलेली असायची. डोळ्यांखालचं काळं, कपाळावरच्या आठ्या, गालावरचे व्रण, सगळं तिच्या हाताखालून नाहीसं व्हायचं. तू लहान होतीस, माझ्या शाळेच्या परीक्षा चालू असायच्या, आणि मी तिच्या शेजारी बसून अभ्यासापेक्षा तिच्या बोटांकडेच बघत असायचे. तिचा एक नियम होता. पुरळ काढायचं, तीळ काढायचा नाही. पुरळ त्या दिवसाचं असतं, तीळ माणसाचा असतो. हे तिनं मला शिकवलं. तुला शिकवायची वेळ आली तोवर कॉम्प्युटर आला होता आणि डबा माळ्यावर गेला होता.

तिचं दुखणं तुला नव्यानं सांगायला नको, पण मला ते एकदा माझ्या बाजूनं सांगायचं आहे, कारण आपण भांडलो त्या दिवशी मला बोलायला जागाच उरली नाही. सकाळी ती चहा पीत होती आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा खाली आला. ती म्हणाली, कप गळतोय. मी दुसरा कप दिला. तोही गळला. मग मी तिच्याकडे नीट पाहिलं. डावी बाजू सगळी उतरली होती, जशी पडद्याची एका बाजूची कडी निसटावी तशी. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, मेंदूचं नाही, चेहऱ्याची नस आहे, काही महिने लागतील. बरंच सुधारेल, थोडं राहीलही कदाचित. ते ‘थोडं राहील’ मी एकटीनं ऐकलं होतं. तू गाडी लावत होतीस.

कपाटाच्या आरशावर चादर टाकायला तिनंच सांगितलं, आपण नाही. आरसा माणसाला उलटा दाखवतो, म्हणाली, त्याच्यावर माझा कधीच भरवसा नव्हता. जन्मभर चेहरे फोटोत बघितलेली बाई ती. “मी बरी होतेय का ते मला फोटो काढून तू दाखव. तू काढलेला असेल तरच मी बघेन.” हे ती मला म्हणाली, धाकटे. तुला नाही. एवढा एकच मान मला या घरात मिळाला असेल, आणि तोही काय मिळाला!

मग ते रविवार सुरू झाले. दुपारचं जेवण झालं की ती केस विंचरून खिडकीपाशी बसायची, टॅबलेट मांडीवर घेऊन. मी समोरून फोटो काढायचे. घरी मी कॅमेऱ्याचं सेटिंग बदलून ठेवलं होतं. स्टुडिओत काढलेला प्रत्येक फोटो आपोआप जायचा, घरी मात्र मी निवडून बटण दाबेन तेवढाच जायचा. पंचवीस-तीस काढायचे, त्यातले चार-पाच तिच्या मांडीवर पाठवायचे. मी एकाही फोटोला हात लावला नाही, हे लक्षात ठेव. एक रेघसुद्धा सरळ केली नाही. केली असती तर तिनं एका नजरेत ओळखलं असतं. मी फक्त ते घ्यायचे, ज्यात तिनं मान जराशी वळवलेली असायची, किंवा काहीतरी आठवून ती गप्प झालेली असायची आणि चेहरा निवांत असायचा. तसे क्षण होते. ते खरेच होते. ती चष्मा नाकावर सरकवून गेल्या रविवारचा आणि या रविवारचा फोटो शेजारी शेजारी लावायची आणि म्हणायची, “हे बघ, ओठ वर यायला लागलाय.” मी म्हणायचे, हो गं. आणि सोमवारपासून ती दुप्पट जोमानं व्यायाम करायची. गाल फुगव, शिट्टी मार, ऊ म्हण, ई म्हण. व्यायाम शिकवणाऱ्या बाई मला जिन्यात म्हणाल्या होत्या, या वयात इतक्या उमेदीचं पेशंट मी पाहिलेलं नाही. ती उमेद कुठून येत होती? त्या चार-पाच फोटोंतूनच ना? याचं उत्तर तू मला अजून दिलेलं नाहीस.

मग तिच्या जुन्या मैत्रिणींच्या मेळाव्याचं निमंत्रण आलं आणि आपलं बिघडलं. हॉल, स्टेज, माईक, आणि जुन्या स्टुडिओच्या दिवसांवर आईनं दहा मिनिटं बोलायचं. ती हरखून गेली. कपाटातून कपडे काढून पलंगावर पसरले. तू मला स्वयंपाकघरात गाठलंस आणि दबक्या आवाजात म्हणालीस, “ताई, ती असं समजतेय की चेहरा जवळजवळ सरळ झालाय. ती स्टेजवर उभी राहील आणि पहिल्या रांगेतल्या बायकांच्या तोंडावरून तिला खरं कळेल. आपल्याकडून कळू दे आधी.” मी म्हटलं, अजून महिना आहे, सुधारेल. तू म्हणालीस, “हे पुरळ नाहीये ताई. हा तीळ झालाय आता.” तिचंच वाक्य तू माझ्यावर फेकलंस. ते तू तिच्याकडून नाही, माझ्याकडून ऐकलं होतंस, मीच तुला कधीतरी कौतुकानं सांगितलं होतं. मी गॅस बंद केला आणि म्हणाले, आईचे फोटो मी काढते, काय दाखवायचं ते मी बघेन. तू गप्प झालीस. तुझं गप्प होणं म्हणजे हार नसते हे मला इतक्या वर्षांनी कळायला हवं होतं.

त्या रविवारी तू चहा केलास. मग कॅमेरा हातात घेऊन म्हणालीस, बॅटरी बघते गं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, बॅटऱ्या तूच बघायचीस. तू कॅमेरा मला परत दिलास, टॅबलेटचा आवाज बंद करून तो आईच्या मांडीवर ठेवलास आणि दारात जाऊन उभी राहिलीस. मी फोटो काढायला लागले. आई खाली बघायची, वर बघायची, ओठ जुळवायची, पुन्हा खाली बघायची. मला वाटलं आज ती मन लावून व्यायाम करतेय. मी तिला हुरूप देत होते. “छान, अजून एकदा, हसून. वा! अगदी पहिल्यासारखं.” मी ‘पहिल्यासारखं’ म्हणत होते आणि बॅटरीच्या निमित्तानं तू सेटिंग बदलल्यामुळे प्रत्येक फोटो आपोआप जाऊन ते ‘पहिल्यासारखं’ तिच्या मांडीवर उमटत होतं. एका बाजूनं हसणारी, एका बाजूनं झोपलेली बाई. हसायचा जितका जोर करेल तितकी वाकडी. ती एकेक हसू करून बघत होती, लहान, मोठं, ओठ मिटून, दात दाखवून, कुठलं तरी एक सरळ निघेल म्हणून. आणि मी प्रत्येकाला वा वा म्हणत होते. धाकटे, तू दारात उभी राहून ते ऐकत होतीस. एकदा तरी ‘ताई, थांब’ म्हणायचं होतंस! तिच्यासाठी नाही तर माझ्यासाठी.

मग तिनं टॅबलेट पालथा घातला. मला विचारलं, “दर रविवारी किती काढायचीस?” मी म्हटलं, हेच, चार-पाच. दारातून तू म्हणालीस, “पंचवीस-तीस, आई.” तिनं चष्मा काढून घडी केली. माझ्याकडे पाहिलं, आणि रागानं नाही, ओरडून नाही, एखाद्या कामसू मुलीची पारख करावी तशी म्हणाली, “हात चांगला आहे तुझा. मला कळलंसुद्धा नाही.”

मी जन्मभर तिच्या तोंडून एवढंच ऐकायला धडपडत होते.

त्यानंतर मी तुला काय काय बोलले ते मी इथे पुन्हा लिहिणार नाही. माझ्या कॅमेऱ्याला हात लावायचा नाही आणि माझ्या स्टुडिओत पाय ठेवायचा नाही, एवढं तर जिन्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं. ‘माझ्या’ म्हणाले, आपल्या म्हणाले नाही, हे तू बरोबर पकडलंस आणि आठवड्याच्या आत सामान बांधलंस. आता तिकडे बुटांचे फोटो काढतेस असं कळलं. पांढऱ्या कागदावर बूट, डावा, उजवा, वरून, खालून. बुटांना निदान कुणी काय दाखवलं याचं दुःख होत नसेल. तू म्हणशील, मी तिच्या भल्यासाठी केलं. मीही तेच म्हणते. आपण दोघींनी तेच एक वाक्य दोन टोकांनी धरलं आणि आईची मध्ये ओढाताण झाली.

तू गेल्यावर घरात काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. ती मेळाव्याला गेली नाही. मी फोन करून सांगितलं, ताप आलाय. ते ती आतून ऐकत होती. तिनं व्यायाम सोडले. बाईंना सांगितलं, येऊ नका. आणि माझ्याशी ती फार सभ्य वागायला लागली. पाणी दिलं की थँक्यू म्हणते. पोटच्या मुलीला थँक्यू! जेवताना हनुवटीखाली रुमाल आपल्या हातानं धरते, मी धरायला गेले तर “असू दे, तुला त्रास,” म्हणते. गिऱ्हाइकं नाही का अशी असतात, फोटो आवडलेला नसतो पण बोलायचं नसतं, म्हणून जास्तच गोड बोलतात. मी घरात त्या गोडव्यावर जेवतेय.

एका रविवारी मी धीर केला. तिच्या देखत कॅमेऱ्याचं सेटिंग बदललं, तिला दाखवलं, हे बघ, आता सगळे आपोआप जाणार, मी मध्ये काहीच करणार नाही. टॅबलेट मांडीवर ठेवला. एक फोटो काढला, तो गेला, तिच्यापुढे उमटला. तिनं तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “सगळे येतात हे तू म्हणतेस.” बस. एवढंच. टॅबलेट मला परत दिला. आता मी तिला भिंत दाखवून भिंत म्हटलं तरी ती हात लावून बघेल. हे तू केलंस असं मी इतके महिने स्वतःला सांगत आलेय. अजूनही सांगते. मला ते सोडायचं नाही, ते सोडलं तर माझ्या हातात काय उरतं?

आणि आता हे पत्र का लिहितेय ते. तुझी आठवण येते म्हणून नाही. मी तुला माफ केलं म्हणूनही नाही. तू माफी मागितलेली नाहीस आणि मागणारही नाहीस. काही आठवड्यांपूर्वी तिच्या बंद दारामागून आवाज यायला लागले. ऊ. ई. मग फुसकी शिट्टी. मी दाराबाहेर भांडं हातात धरून उभी राहिले, आत गेले नाही. ती रोज करते, मला कळू न देता. मेळाव्याचं निमंत्रण यंदा पुन्हा आलं आहे आणि तिनं ते उशीखाली ठेवलंय. काल चहा घेताना, रुमाल हनुवटीखाली धरून, ती म्हणाली, “शेंडेफळाला बोलाव. कॅमेरा तिच्या हातात दे. किती सुधारलंय, की काहीच नाही, ते मला बघायचंय, मग जायचं का ते ठरवते. आणि तू खोलीत थांबू नकोस. तू असलीस की मी फोटो सोडून तुझं तोंड बघत बसेन.” म्हणून तुला बोलावतेय. मी नाही, आई बोलावतेय, पण लिहायला मीच लागले. रविवारी ये. कॅमेरा टेबलावर असेल, बॅटरी भरलेली आहे, सेटिंग तू केलं होतंस तसंच, सगळे आपोआप जाणारं आहे, तू स्वतः तपासून घे. मी स्टुडिओत असेन. फोन करून मला काही सांगू नकोस, तिला वाटलं तर ती सांगेल. तिला खिडकीपाशीच बसव, पण खुर्ची जराशी तिरकी ठेवलीस आणि पडदा अर्धा ओढलास तर डाव्या गालावर… नाही. खुर्ची कशी ठेवायची ते तिला विचार. आणि पडदा सगळा उघड.

तुझीच (हे मोठ्या मनानं नाही, सवयीनं लिहिलंय),
ताई